बारवेच्या दिवसाचं बोलावणं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते कापड पिळायचं. पाणी गाळायचं कापड, माझ्या जुन्या धोतराची चार पदरी घडी. रोज सकाळी गौरव्वा ते धुवायची आणि पिळायला मला हाक मारायची. एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. मीही पीळ द्यायला लागलो की कापड हातातून सुटायचं.

"अवो, तुम्ही कामून पिळायलाव? नुसतं धरा की. पिळते मी."

"नुसतं धरायला मी काय खुंटी हाय?"

"खुंटी बरी. ती बडबड न्हाई करत."

त्या दिवशीही एवढंच बोलणं झालं. तिनं पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं. संध्याकाळी तिला हुडहुडी भरली आणि तिसऱ्या दिवशी छाती भरून ती गेली. वावराच्या कडेला, आमच्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणं बसवून तिला माती दिली. लेकरूबाळ नाही. घरात मी, एक गाय आणि दोरीवर ते कापड.

मला लिहिता येतं ते जेमतेम. शाळा उर्दू तिसरीपर्यंत, मराठी अक्षरं मठात गिरवलेली. पण शिवरात्र झाल्यावर मी पाच दिवस फिरून आलो, ते सांगायला पाहिजे. गौरव्वा दर वर्षी जायची तीच ही वाट. मी कधीच गेलो नव्हतो. उलट ती निघाली की म्हणायचो, "निघाली बाई गाव फिरायला."

आधी आमच्या गावाचं सांगतो. ठाणाकुशनूरच्या अलीकडं आमचं गाव, पाण्याला एकच बारव. दगडी, पायऱ्यांची, पाटलाच्या आज्यानं बांधलेली. लोक पायऱ्या उतरून पाण्यात उभं राहून घागर भरायचे, आणि गावात घरोघरी नारू. ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगतो. उन्हाळा लागला की पायाला फोड येतो आणि त्यातून दोऱ्यासारखा किडा निघतो, हातभर, दीड हात. आग अशी होते की माणूस पाय पाण्यात बुडवायला पळतो. तिथंच किड्याचं बी पाण्यात सुटतं. ते पाणी जो पितो त्याच्या पायातून पुढच्या वर्षी नारू निघतो. गौरव्वाच्या दोन्ही पायांतून निघाला होता. दोन महिने ती उंबऱ्यापासून चुलीपर्यंत बसून सरकायची.

रझाकार गेले, राज्य बदललं, त्या सालापासून ती या कामाला लागली. बारवेच्या पायऱ्या बोराटीच्या काट्यांनी बंद केल्या, वर लाकडी चाक बसवून दोरानं पाणी काढायचं, आणि घरी आणून कापडानं गाळायचं. एवढंच काम. पण ते एकटीचं नव्हतं. पायऱ्या पाटलाच्या, कापड मन्नाएखेळ्ळीच्या वीरभद्रप्पा दुकानदाराचं, आणि पाय तपासायला बिदरहून मेहबूबसाब कंपौंडर. शिवरात्र झाली की त्यांच्या दारी जाऊन बोलावणं करायचं आणि पुढच्या सोमवारी सगळ्यांना बारवेवर गोळा करायचं. त्या दिवशी काट्या नव्या लावायच्या, घरोघरी नवं कापड द्यायचं, सगळ्या गावाचे पाय बघायचे. बारवेचा दिवस म्हणतात आमच्यात.

औंदा ते करायला मी राहिलो.

वेशीतून, बुधवार

धोतरात तीन नारळ बांधले आणि सकाळी निघालो. वेशीला पाटलाचा वाडा लागतो. ओट्यावर पाटलाची आई, थोरल्या अव्वा, पाय पसरून बसल्या होत्या. नव्वदीच्या पुढं वय, पण नजर घारीची. एक नारळ त्यांचाच होता. मी मनात म्हटलं, ही तर घरची. येताना देऊ. लांबची माणसं आधी गाठावीत, मोटार चुकायला नको. लांबूनच हात जोडले आणि पुढं झालो. त्यांनी हात जोडले नाहीत. दिसलं नसेल, असं मी धरलं.

बिदर

बिदरकडं जाताना काळी जमीन सुटते आणि तांबडी लागते. आमच्याकडं माती पायाला चिकटते, इथं ती कपड्यावर बसते. मोटारीतून उतरलो तेव्हा सगळे प्रवासी एका रंगाचे झालो होतो.

दवाखान्यात मेहबूबसाब नव्हता. नवा डॉक्टर होता, भला माणूस, मला बसायला बाकडं दिलं.

"त्यांची बदली झाली, बाबा. आळंद तालुक्यात निंबर्ग्याला."

"मग दुसरा कोण येईल आमच्या गावाला? सोमवारी पाय बघायचेत."

त्यानं वही काढली, उलटली, परत उलटली. "तुमचं गाव कुठंच नाही हो यात. त्यांना कुणी पाठवायचं?"

"कुणी न्हाई. तो यायचा."

"म्हणजे सुट्टीच्या दिवशी येत असणार, स्वतःहून." डॉक्टरनं वही मिटली. "मला माणूस पाठवायला हुकूम लागतो. अर्ज करा, मी पुढं धाडतो. पण या सोमवारी होणार नाही."

मी बाहेर येऊन कडुनिंबाखाली बसलो. आमच्या गावाला दवाखाना लागू आहे, सरकार माणूस पाठवतं, असं मी इतकी वर्षं लोकांना सांगत होतो. छाती काढून सांगत होतो. सरकारला आमचं गाव ठाऊकच नव्हतं. एका कंपौंडरला ठाऊक होतं, आणि त्याला गौरव्वा ठाऊक होती.

मन्नाएखेळ्ळी, गुरुवार

मोठ्या सडकेवरचं गाव. दिवसभर हैदराबादच्या लॉऱ्या जातात आणि प्रत्येक दुकानावर धूळ. आमच्याकडं पाहुणा आला की आधी पाणी, मग गूळ. इथं उतरल्या उतरल्या हातात भजी देतात, पाणी मागून घ्यावं लागतं. वीरभद्रप्पानं मला बघितलं आणि गादीवरून उठून खाली आला. त्याला बातमी कळली होती. माझा हात धरून रडला. मी रडलो नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं.

त्यानं सुसला मागवला, भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, वर मिरचीची भजी. मी नारळ दिला, त्यानं तो कपाळाला लावला.

"कापड तयार हाय, अण्णा. जाड बघून ठेवलंय. किती तुकडे फाडू?"

"दर वर्षी फाडतोस तेवढे."

"दर वर्षी वेगळे असतात की. अक्का सांगायची, अमक्याच्या घरी सून आली, दोन चुली झाल्या, दोन द्या. तमकीची सासू गाळू देत न्हाई, तिला लहान तुकडा द्या, पदराखाली लपंल असा." त्यानं गज उचलला आणि माझ्याकडं बघत राहिला. "सांगा."

मला सांगता येईना. ज्या गावात जन्मलो, म्हातारा झालो, तिथं कुणाच्या किती चुली ते मला माहीत नव्हतं. त्यालाच माझी दया आली. अंदाजानं फाडून त्यानं गठ्ठा बांधला.

"सोमवारी येतो मी. थोरल्या अव्वांचा होकार आणलाय न्हवं?"

मी म्हणालो, "आणलाय की."

का म्हणालो? त्याच्या हातात गठ्ठा होता आणि मला तो घ्यायचा होता. न्हाई म्हटलं असतं तर आणखी एक गोष्ट मला जमली नाही, असं झालं असतं. बस, एवढंच.

त्याचा चेहरा फुलला. "मग काळजी मिटली. शनिवारी माझा भाऊ ठाणाकुशनूरच्या बाजाराला जायलाय. त्याला म्हणतो, जाता जाता अव्वांच्या पाया पड, पान-सुपारी दे. म्हण, तुमी व्हय म्हटलं, लई उपकार झाले."

मी गठ्ठा बगलेत घेतला. शनिवारच्या आत आपण गावात पोचू, आधी अव्वांना गाठू, असा हिशोब मी मनात केला.

निंबर्गा, शुक्रवार

गुलबर्ग्याच्या पुढं सगळी तुरीची रानं, काढून झालेली. घरांवर फरशीचे दगड, कुंपणाला फरशी, बसायला फरशी. आमच्याकडं पांढऱ्या मातीची धाबी असतात, चार पावसाळे झाले की गळतात. ही घरं गळत नसतील, पण उन्हात तव्यासारखी तापतात. मोटारीत एका माणसानं फरशीचा तुकडा माझ्या गाठोड्यावर ठेवला आणि त्यात एक नारळ फुटला. पाणी माझ्या मांडीवर सांडलं. तो म्हणाला, "अज्जा, देवाला पोचला म्हणा." मी त्याला दोन शिव्या दिल्या. त्यानं फरशी उचलून स्वतःच्या पायावर ठेवली आणि निंबर्ग्यापर्यंत तशीच धरून बसला.

मेहबूबसाब दारात खाटेवर बसून पट्ट्या गुंडाळत होता. मला बघून उठला, माझ्या मागं बघितलं, आणखी मागं बघितलं.

"अरे अप्पा! अक्का किधर है? पीछे रह गई क्या?"

त्याला कुणी कळवलंच नव्हतं. म्हणजे मी कळवलं नव्हतं.

"गेली ती," मी म्हणालो. "पौषात."

तो खाली बसला. हातातली पट्टी उलगडत गेली, धुळीत पडली. मग उठला आणि शेजारी गेला. येताना ताट घेऊन आला, जोंधळ्याची कडक भाकर, शेंगाची चटणी, अंबाडीची भाजी. आमच्याकडं भाकर मऊ असते, गरम खायची. इकडं वाळवून कडक करतात, महिनाभर राहते, मोडली की आवाज होतो.

"शरणप्पा के घर की है अप्पा, लिंगायत घर है. तुम खाओ, फिकर नक्को."

मी भाकर मोडली आणि हातात धरून बसलो. हा माणूस पाच वर्षं आमच्या ओसरीत जेवला. त्याचा कप वेगळा, कोनाड्यात पालथा. जेवण झालं की तो स्वतः धुऊन ठेवायचा. एकदा गौरव्वानं त्याला घरातल्या कपात चहा दिला, तर मी त्याच्यासमोर तिच्यावर ओरडलो होतो. त्यानंतरही तो येत राहिला. आणि आज माझं सोवळं तोच सांभाळत होता.

"चहा कर," मी म्हटलं. "तुझ्या कपात दे."

त्यानं माझ्याकडं बघितलं, हसला नाही. चहा केला, दिला. मी प्यालो आणि साबूत राहिलेला नारळ त्याच्या हातात दिला. त्यानं काय होणार होतं? ज्या माणसानं बघायला पाहिजे होतं ते माणूस नव्हतं.

मग त्यानं पेटी उघडली आणि कापडाच्या चिंध्या काढल्या, धुतलेल्या, घडी घातलेल्या. गौरव्वाला लिहिता येत नव्हतं. दर उन्हाळ्याच्या शेवटी ती मोटारवाल्याबरोबर त्याला एक चिंधी धाडायची. गावात जितके नारू निघाले तितक्या गाठी. पहिल्या सालाची चिंधी नुसती गाठींची दोरी होती. पुढची जरा मोकळी, तिच्या पुढची आणखी. शेवटची चिंधी त्यानं माझ्या हातावर पसरली. एकही गाठ नव्हती.

"पूरी नौकरी में मेरे कू इनाम मिला तो ये मिला," तो म्हणाला.

ती हे करत होती ते मला ठाऊक नव्हतं. तिनं चिंधी फाडताना मी बघितलं असेल. म्हटलं असेल, चांगलं कापड कामून फाडायलीस.

"सोमवार को आऊंगा, दोपहर की मोटार से," मेहबूबसाब म्हणाला. "रजा मिले ना मिले. पर अप्पा, एक साल भी छोड़ना नक्को. बाहर का एक आदमी आया, नारू का पांव पानी में रखा, तो सब गया. फिर पहली चिंधी से शुरू." त्यानं पेटी मिटली. "थोरल्या अव्वा हौ बोले ना?"

त्याच्याशी मला खोटं बोलता आलं नाही. "त्यांच्याकडं गेलोच न्हाई अजून. जवळचंच हाय म्हणून शेवटाला ठेवलं. पण वीरभद्रप्पाला सांगितलं, व्हय म्हणल्या म्हणून. उद्या त्याचा भाऊ अव्वांच्या पाया पडायला जायलाय."

त्यानं कपाळाला हात लावला. "क्या किया अप्पा! अक्का का पहिला नारळ वहीं जाता था. बाकी सब बाद में. कायकू मालूम? वो पायऱ्या उनके सासरे ने बनवाए. बंद करना मतलब उनके नाम पे कांटा डालना. अव्वा एक-एक साल का हौ देते थे. अगले साल फिर पूछना. पहले साल अक्का तीन दिन उनके उंबरे के बाहर बैठी. अंदर आ बोले तो भी नहीं गई. बोली, पहले हौ बोलो, फिर अंदर आती." तो उठला. "जाव. अभी निकलो. उस भाई से पहले पहुंचो."

परत

पोचलो नाही. गुलबर्ग्याला मोटार चुकली आणि शनिवार रस्त्यातच गेला. गावात आलो तो रविवारी, उन्हं उतरताना. पाठीवर कापडाचा गठ्ठा, गाठोड्यात फुटका नारळ.

थोरल्या अव्वा ओट्यावर तशाच बसल्या होत्या. शेजारी पानाचा विडा, न उघडलेला.

"ये संगप्पा, बस. मी व्हय म्हटलं म्हणं?"

मी उभाच राहिलो.

"कधी म्हटलं? मलाच सांग, मला म्हातारपणात आठवंना झालंय. परक्या गावचा माणूस येऊन माझ्या पाया पडला, लई उपकार म्हटला. माझ्याच घरातली गोष्ट मला त्याच्याकडनं कळली."

"चुकलं, अव्वा."

"तीन नारळ घेऊन माझ्या डोळ्यासमोरनं गेलास."

"येताना येणार व्हतो. म्हटलं, तुम्ही तर जवळच्या."

"जवळचं कुठं पळून जातंय, असं वाटलं आसंल." अव्वा रागानं बोलल्या नाहीत. रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. "गौरव्वाला बी तसंच ठेवलास तू जन्मभर. ती गेल्यापासनं मी इथं बसायले. म्हटलं, तिच्या नावानं हा तरी येईल, उंबऱ्यापाशी बसंल, तिच्याबद्दल दोन शब्द बोलंल. माझ्याकडं दुसरं कोण येत हुतं रे? तीच यायची."

मी गाठोडं सोडू लागलो. त्यांनी हातानं थांबवलं.

"राहू दे. काट्या काल काढायला लावल्या मी. माझं व्हय न घेता बंद राहती, मग ती माझ्या सासऱ्याची बारव कशाची?"

मी गठ्ठ्यासकट बारवेवर धावलो. धावलो म्हणजे माझ्या वयाला जमेल तेवढं. काट्या बाजूला ढीग करून टाकलेल्या, चाकाचा दोर गुंडाळलेला. बायका पायऱ्या उतरून घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून घागरी भरत होत्या आणि हसत होत्या. दोर ओढायचा ताप गेला म्हणून हसत होत्या. त्यांचंही खरंच होतं.

खालच्या पायरीवर जोंधळा काढायला आलेला एक मजूर बसला होता, तेलंगणाकडचा. नडगीला फडकं बांधलेलं. त्यानं ते सोडलं आणि मला दिसलं. काडीला गुंडाळलेला पांढरा दोरा.

"अरे, पाय काढ! काढ पाय!" मी वरून ओरडलो.

"लई आग व्हायलीय, काका," तो म्हणाला. "जरा गार करू द्या." पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात होता. त्यानं डोळे मिटले होते, बरं वाटत होतं त्याला.

मी बायकांना सांगितलं, घागरी ओतून टाका. एकीनं ओतलं. बाकीच्या म्हणाल्या, "अक्का गेली, आता तुम्ही सुरू झालाव व्हय अप्पा?" आणि डोक्यावर घागरी ठेवून गेल्या. पाच वर्षांत जे झालं ते त्या पायरीवर गेलं. कुणाकुणाच्या पायातून ते निघेल हे पुढच्या उन्हाळ्यातच कळणार.

दुसऱ्या दिवशी सोमवार. बारवेचा दिवस. दुपारच्या मोटारीनं मेहबूबसाब यायचा होता, वीरभद्रप्पाही येणार होता, आणि त्यांना दाखवायला माझ्याकडं उघड्या पायऱ्या होत्या.

सकाळी उठलो. दोरीवरचं कापड काढून धुतलं. पिळायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून एक टोक भिंतीच्या खुंटीला बांधलं आणि दुसरं धरून पीळ दिला. खुंटीनं नुसतं धरलं. कापड निसटलं नाही, पाणी सगळं निघालं. तेवढा वेळ मी तिथंच उभा राहिलो.

घागरभर पाणी गाळून ठेवलं. मग वेशीला गेलो. हातात नारळ नव्हता. थोरल्या अव्वांच्या उंबऱ्याच्या बाहेर, जिथं दगड झिजून गुळगुळीत झालाय, तिथं बसलो. अव्वा आत होत्या. त्यांनी मला बघितलं.

"अव्वा," मी म्हणालो, "इचारायला आलोय. आधी यायला पाहिजे व्हतं."

ऊन ओट्यावर चढलं, उंबऱ्यावर आलं. आत ये असं कुणी म्हटलं नाही. मी बसून राहिलो.